नोंदीतले ‘निपुत्रिक’ आणि भाषांतरातले ‘इश्यूलेस’

साताऱ्यात बावीस वर्षे मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरे करतो. तालुका आणि जिल्हा न्यायालयांतले कामकाज मराठीत चालते. पण प्रकरण वर उच्च न्यायालयात गेले की राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे तिथली भाषा इंग्रजी, म्हणून सातबारा, फेरफार, खरेदीखते, साक्षीदारांच्या जबान्या, निकालपत्रे असे सगळे बाड इंग्रजीत न्यावे लागते आणि प्रत्येक कागदाखाली ‘मूळ मजकुराशी ताडून पाहिले, भाषांतर खरे व बरोबर आहे’ असे लिहून सही करावी लागते. ही सही म्हणजे आमच्या धंद्यातली एकमेव मत्ता. तिच्याखाली एकदा चुकीचा शब्द गेला, तर तो पुढे कोणी तपासत नाही, कारण तपासण्यासाठीच तर आम्हाला पैसे दिलेले असतात.

२०१८ च्या जुलैमधला बुधवार होता. मुंबईच्या एका वकीलबाईंनी दुसऱ्या अपिलाचे कागद पाठवले होते. अपील समोरच्या पक्षाचे होते. त्यांनी जोडलेल्या मराठी कागदांचे इंग्रजी त्यांच्याच भाषांतरकाराने केलेले होते. माझे काम दुहेरी होते. आमच्या बाजूच्या कागदांचे भाषांतर नव्याने करायचे आणि त्यांचे भाषांतर मुळाशी ताडून चुका असतील तर दाखवायच्या. मी सकाळी आठला बसलो. पेन्सिलीने ओळ बरोबर असेल तिथे बरोबरची खूण, शंका असेल तिथे फुली, ही माझी जुनी रीत आहे.

वाद साधा होता, निदान कागदावर तरी. एक शेतकरी १९५८ मध्ये वारला. त्याची बायको मागे राहिली, जमीन तिच्या नावे झाली. ती १९७४ मध्ये गेली आणि त्यानंतर सातबाऱ्याला त्या शेतकऱ्याच्या पुतण्यांची नावे लागली. पुढे पस्तीसेक वर्षांनी जमिनीचा एक तुकडा रस्त्यासाठी संपादित झाला, मोबदल्याची नोटीस आली, आणि तेव्हा एका बाईने दावा लावला की, मी त्या शेतकऱ्याची मुलगी आहे, माझे लग्न वडील हयात असतानाच झाले होते, जमिनीवर हक्क माझा आहे. इतकी वर्षे ती गप्प का राहिली, याचे उत्तर तिच्या जबानीत होते: चुलतभाऊ दरवर्षी सुगीनंतर दोन पोती ज्वारी तिच्या घरी पोचवत होते. नोटीस आल्याच्या वर्षी ती पोती आली नाहीत. दिवाणी न्यायालयाने तिचा दावा मान्य केला, जिल्हा न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, आणि आता पुतणे उच्च न्यायालयात गेले होते.

त्यांच्या अपिलाचा सगळा भार पान ४७ वरच्या एका फेरफार नोंदीवर होता. तिची नक्कल माझ्यासमोर होती. तलाठ्याच्या टाकाच्या अक्षरात चार छोटी वाक्ये: ‘खातेदार निपुत्रिक मयत. वारस पत्नी हयात. वर्दीवरून पत्नीचे नाव दाखल. हरकत नाही.’ त्याच्या खाली मंडळ अधिकाऱ्याची मंजुरीची सही. शेजारच्या पानावर मूळ वर्दी, म्हणजे विधवेने तलाठ्याला दिलेली खबर, आणि वर्दीच्या तळाशी काळ्या शाईचा ठसा, त्याच्या दोन्ही बाजूंना लिहिलेले: निशाणी, डाव्या हाताचा अंगठा. त्यांच्या भाषांतरकाराने पहिल्या वाक्याचे इंग्रजी ‘द खातेदार डाइड इश्यूलेस’ असे केले होते, आणि अपिलाच्या कारणांत त्यावरच बोट ठेवले होते: मयताच्या विधवेने स्वतः १९५८ मध्ये सरकारी दप्तरात सांगितले की, नवऱ्याला मूल नव्हते, आणि खालच्या दोन्ही न्यायालयांनी हा कागद वाचताना चूक केली.

मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे जे घडले ते मला सुचले म्हणून घडले असे कोणाला वाटू नये. ‘निपुत्रिक’ला ‘इश्यूलेस’ हे मी बावीस वर्षे लिहीत आलो होतो. माझ्याकडे एक लांबोळकी वही आहे, तिच्यात मी नोकरीला लागल्यापासूनचे शब्द आहेत, आणि ‘न’च्या पानावर माझ्याच हस्ताक्षरात आहे: ‘निपुत्रिक – इश्यूलेस, चाइल्डलेस.’ ती ओळ मला कोणी सांगितली, हे आज आठवत नाही. अशा ओळी एका भाषांतरकाराकडून दुसऱ्याकडे जातात आणि मग त्यांच्यावर शंका घ्यायची सवय राहत नाही.

इथे ‘इश्यू’ या शब्दाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्या दिवशी तो शब्द माझ्या टेबलावर चार वेगवेगळ्या अर्थांनी पडलेला होता. निकालपत्रात न्यायाधीशांनी काढलेले मुद्दे, त्यांना इंग्रजीत ‘इश्यूज’ म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या चौदाव्या आदेशात त्यांची व्याख्या आहे, की एका पक्षाने जी महत्त्वाची गोष्ट ठासून सांगितली आणि दुसऱ्याने नाकारली, तिथे ‘इश्यू’ उभा राहतो. मराठीत आपण त्याला वादमुद्दा म्हणतो. दुसरीकडे, समन्स ‘इश्यू’ झाले, म्हणजे निघाले. तिसरीकडे, नकलेच्या शिक्क्यात ‘डेट ऑफ इश्यू’, म्हणजे नक्कल दिल्याची तारीख. आणि चौथा हा, मयताचा ‘इश्यू’, म्हणजे लेकरू. या निकालातला वादमुद्दा क्रमांक २ मराठीत असा होता: ‘वादी ही मयत खातेदाराची मुलगी असल्याचे सिद्ध करते काय?’ आणि त्यापुढे निष्कर्ष, ‘होकारार्थी’. इंग्रजीत एकाच शब्दाने मांडायचे, तर दुसरा ‘इश्यू’ असा होता की, ही बाई त्या माणसाचा ‘इश्यू’ आहे का.

इतके अर्थ एका शब्दात कुठून आले, हे पाहिले की शब्द सोपा होतो. ‘इश्यू’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘बाहेर जाणे’ हे क्रियापद आहे. बाहेर येते ते ‘इश्यू’: झऱ्याचे पाणी, जखमेतला पू, सरकारचा हुकूम, नियतकालिकाचा अंक, कंपनीचे समभाग, खटल्यात दोन्ही बाजूंच्या कैफियतींतून वर येणारा मुद्दा, आणि आईच्या पोटातून येणारे मूल. इंग्रजी बायबलच्या जुन्या भाषांतरात बारा वर्षे आजारी असलेल्या स्त्रीला ‘इश्यू ऑफ ब्लड’ आहे असे म्हटले आहे; मराठी बायबलात तिथे सरळ ‘रक्तस्राव’ येतो. मला नेहमी वाटत आले आहे की, आपले ‘निघणे’ हे क्रियापद त्याच वाटेने चालते. पाणी निघते, वॉरंट निघते, दिवाळी अंक निघतो, बाजारात कंपनीचा इश्यू निघतो, बोलता बोलता विषय निघतो. फक्त मूल निघत नाही. ते होते, जन्मते, पोटी येते. तिथे मराठी वेगळी होते, आणि भाषांतरकाराने थांबायचे ते तिथेच.

अलीकडे बोलण्यातल्या मराठीत ‘इश्यू’ म्हणजे अडचण किंवा तक्रार एवढाच अर्थ उरला आहे. ‘काही इश्यू नाही’, ‘उगाच इश्यू करू नका’. या सवयीमुळे एका शिकाऊ मुलाने माझ्याकडे एकदा ‘डाइड विदाउट इश्यू’चे ‘कोणताही वाद न होता मरण पावले’ असे केले होते. ती चूक लगेच दिसते आणि लगेच दुरुस्त होते. न दिसणारी चूक वेगळी असते.

साडेअकराच्या सुमारास त्या प्रकरणातली वादी, म्हणजे ती मुलगी, माझ्या खोलीत आली. मुलगी म्हणायचे ते कागदावर. समोर आल्या त्या एकोणऐंशी वर्षांच्या आजी होत्या, नऊवारी, पाठीत वाकलेल्या, बरोबर नातू. नातवाला कोतवाल बुकातल्या जन्मनोंदीची मूळ नक्कल मला दाखवायची होती, कारण झेरॉक्स पुसट आली होती. आजी त्याच्याबरोबर फक्त दवाखान्याला म्हणून साताऱ्याला आल्या होत्या. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि नातवाशी बोलू लागलो.

कोतवाल बुकातली ती नोंद १९३९ ची होती. बापाचे नाव, जात, तारीख, आणि रकान्यात ‘मुलगी’ एवढेच. मुलीचे नाव नाही. त्या काळात बारसे व्हायच्या आत नोंद व्हायची आणि नाव पुढे कोणी जाऊन भरत नसे. पुतण्यांचा बचाव असा होता की, झाली असेल एक मुलगी, ती लहानपणीच गेली असेल. ही बाई तीच कशावरून? नातू मला ते समजावून सांगत होता आणि मी म्हणालो की, त्यांनी फेरफारावर जास्त भर दिला आहे, तिथे ‘निपुत्रिक मयत’ असे लिहिले आहे.

आजींना ऐकू चांगले येत होते. त्या मध्येच म्हणाल्या, “निपुत्रिकच हुते की आमचे आबा. मला भाऊ कुठं हुता? म्हणून तर थोरल्या पुतण्यानं मडकं धरलं.”

नातू दचकला. “आज्जी, तू असं कुठं बोलू नगंस,” असे तो म्हणाला. वकिलांनी त्याला साक्षीबद्दल बरेच काही सांगून ठेवलेले असणार. आजींना त्यात बोलू नये असे काय आहे ते कळेना. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “खरंच हाय साहेब. आईला माझ्या पाठीवर काय झालंच न्हाई. लई नवस केलं. पर मुलगा न्हाई तो न्हाईच.”

मी काही वेळ बोललो नाही. एक बाई आपल्या बापाला निपुत्रिक म्हणत होती. तिच्या मनात त्या शब्दात आणि तिच्या स्वतःच्या असण्यात कसलाच विरोध नव्हता, कारण तिच्या भाषेत विरोध नाहीच. पुत्र नसलेला तो निपुत्रिक. मुलीचा त्यात प्रश्न येत नाही. मी पान ४७ पुढे ओढले आणि माझीच पेन्सिलीची खूण पाहिली.

त्यांना मी विचारले, “आजी, मूलबाळ अजिबात नसलेल्या माणसाला तुमच्याकडे काय म्हणतात?”

“त्याला पोटी काय न्हाई म्हणत्यात. मूलबाळ न्हाई. बाईला तर...” त्या थांबल्या. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

“आणि त्यालाही निपुत्रिक म्हणतात का?”

“म्हणत्यात की. त्याला पुत्र न्हाईच ना.”

बावीस वर्षांत मला या शब्दाची याहून नेमकी फोड कोणी करून दिली नव्हती. दोन्ही माणसे निपुत्रिक. पण शब्द सांगतो ते फक्त मुलग्याबद्दल. मुलगी आहे की नाही, हे तो सांगतच नाही.

ते दोघे गेल्यावर मी दुपारचे जेवण तसेच ठेवले आणि वही, कोश, कायदे काढून बसलो. संशय एकदा आला की त्याला आधार सापडत जातात, म्हणून मी आधी उलट बाजूने पाहिले. पाणिनीचे एक सूत्र आहे, ‘भ्रातृपुत्रौ स्वसृदुहितृभ्याम्’. त्याप्रमाणे पुत्र आणि दुहिता यांचा एकत्र उल्लेख करायचा असेल तर ‘पुत्रौ’ असे म्हणता येते आणि त्यात मुलगी येते. म्हणजे पुत्र या शब्दात मुलीला जागा मुळीच नाही असे म्हणता येणार नाही, आणि समोरच्या वकिलांकडे संस्कृत जाणणारा कोणी असता तर त्याने हे पुढे केले असते. पण वारसाहक्काच्या संदर्भात चित्र फार स्वच्छ आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत वारसांचा क्रम ‘पत्नी दुहितरश्चैव’ असा सुरू होतो, पत्नी, मग मुली, मग आईबाप, मग भाऊ. आणि हा क्रम कोणाच्या संपत्तीचा, तर ‘स्वर्यातस्य ह्यपुत्रस्य’, म्हणजे अपुत्र वारलेल्याच्या. ज्या माणसाला शास्त्र अपुत्र म्हणते, त्याच्याच वारसांत दुसऱ्या क्रमांकावर मुली आहेत. अपुत्र म्हणजे अपत्यहीन असता, तर ही ओळ लिहिताच आली नसती. मिताक्षरा आणि मयूख हे ज्यांच्या आधारावर मुंबई इलाख्यात शेकडो वर्षे वाटण्या झाल्या ते ग्रंथ याच ओळींवर उभे आहेत, आणि त्या इलाख्यात तर बापाकडून मुलीला आलेली मिळकत तिची पूर्ण मालकीची धरली जाई.

दुसरा आधार माझ्या स्वतःच्या कामातला होता. दत्तकपत्रे. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला मुलगा, नातू किंवा पणतू हयात नसला पाहिजे. मुली असल्या तरी चालते. म्हणून मुलगा दत्तक घेणारे लोक दस्तात ‘मी निपुत्रिक आहे’ असे लिहितात, आणि त्यातल्या कितीतरी दस्तांवर पुढे साक्षीदार म्हणून मुलीचा आणि जावयाचा अंगठा असतो. असे दस्त मी स्वतः भाषांतरित केले होते. तिथे मी काय लिहिले होते, हे बघायचे मी त्या क्षणी टाळले.

आता इंग्रजी बाजू. ‘इश्यू’ला मराठीत आपण पटकन अपत्य म्हणतो, पण कायद्यात तेही पुरत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्रातले शब्द कसे वाचायचे याचे नियम आहेत, आणि तिथे ‘चिल्ड्रेन’ म्हणजे फक्त पहिल्या पिढीची मुले, तर ‘इश्यू’ आणि ‘डिसेंडंट्स’ म्हणजे सरळ रेषेतले सगळे वंशज, नातवंडे, पतवंडे, खालपर्यंत, असे सांगितले आहे. आपल्या जुन्या सनदांत याला नेमका जोड आहे: ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’, किंवा फारशी वळणाचे ‘औलाद अफलाद’. ‘औलाद अफलाद’ हा मला ‘इश्यू’चा सर्वांत चपखल मराठी पर्याय वाटतो, आणि तो आज कोणी वापरत नाही याची खंत वाटते. संतती हा शब्द त्याच्या जवळ जातो, कारण त्याच्या मुळाशी ‘ताणत, पसरत नेणे’ आहे, तुटू न देता पुढे चालणारी गोष्ट. अपत्य एका पिढीचे. मूलबाळ घरातले, मायेचे, पण तेही एका पिढीचे. वारस हा तर यातला नव्हेच. वारस पुतण्याही असतो. ‘इश्यूलेस’ लिहिताना माणूस फक्त मुलगा नाही एवढे सांगत नाही, तर मुलगी नाही, नातू नाही, मुलीचे मूल नाही, त्या माणसापासून खाली कोणीही नाही, असे सांगतो. आणि हे सगळे १९५८ साली एका तलाठ्याने लिहिलेल्या, फक्त पुत्राबद्दल बोलणाऱ्या शब्दावर चढवले गेले होते.

या एका शब्दाने किती फरक पडतो, ते हिंदू उत्तराधिकार कायदा लावून पाहिला की दिसते. तो कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला, म्हणजे हा माणूस वारला तेव्हा कायद्याला दोनेक वर्षे झाली होती. त्याच्या पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा आणि आई एकाच ओळीत बसतात. मुलगी असेल तर १९५८ मध्येच अर्धा हिस्सा तिचा झाला, आणि १९७४ मध्ये आई गेल्यावर आईचा हिस्साही तिच्याकडे आला. मुलगी नसेल, म्हणजे तो माणूस खरोखर ‘इश्यूलेस’ असेल, तर विधवेनंतर जमीन नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे पुतण्यांकडे जाते. या दोन निकालांच्या मध्ये एक शब्द उभा होता.

पण खरी अडचण मला तीनच्या सुमारास जाणवली, आणि ती सोडवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘इश्यूलेस’ चूक, हे ठरले. मग बरोबर काय? मला मुलगी आहे हे माहीत झाले होते, मी तिच्याशी बोललो होतो, तिचा चेहरा पाहिला होता. पण भाषांतर कागदाचे करायचे असते. कागद म्हणतो, ‘निपुत्रिक’. मुलगी आहे असे तो म्हणत नाही, जसे नाही असेही म्हणत नाही. मी ‘सनलेस’, म्हणजे मुलगा नसलेला, असे लिहिले, तर शब्दाच्या घडणीला ते धरून आहे; पण बोलण्यात अजिबात मूल नसलेल्यालाही निपुत्रिक म्हणतात, हे मीच त्या दिवशी आजींच्या तोंडून ऐकले होते. फक्त ‘सनलेस’ लिहून सही केली, तर समोरच्याने एका बाजूला ओढलेला शब्द मी दुसऱ्या बाजूला ओढल्यासारखे झाले असते.

मी वकीलबाईंना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि खूश झाल्या. “मग सनलेसच लिहा, आणि त्यांचे भाषांतर चुकीचे असल्याचे शपथपत्र द्या.”

मी म्हणालो, “मॅडम, सनलेस लिहितो. पण खाली टीप देईन की, हा शब्द व्यवहारात मूल नसलेल्याबद्दलही वापरतात, आणि मुलीच्या असण्या-नसण्याबद्दल तो स्वतः काही सांगत नाही.”

“टीप कशाला? ती टीप ते लोक वाचून दाखवतील.”

“वाचू द्या. ती खरी आहे.”

त्या जरा तुटकपणे म्हणाल्या, “अहो, तुम्ही आमच्या बाजूचे भाषांतरकार आहात.”

मी त्यांना सांगितले की, मी कागदाचा भाषांतरकार आहे आणि सही माझी आहे. टीप नको असेल तर दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे, मला राग येणार नाही. त्यांनी फोन ठेवला. तासाभराने त्यांचाच परत आला. त्यांनी दरम्यान वरिष्ठांशी बोलून घेतले होते आणि आता त्यांचे म्हणणे वेगळे होते. शब्द मुलीबद्दल काहीच सांगत नाही, एवढेच आम्हाला पुरे आहे, असे त्या म्हणाल्या. पुतण्यांचे अपील ‘विधवेने मूल नसल्याचे कबूल केले’ या पायावर उभे होते. कागद मुलीबद्दल मुका असेल तर ती कबुली राहत नाही, आणि मग उरतात ते खालच्या न्यायालयांनी तपासलेले साक्षीपुरावे, ज्यांत दुसऱ्या अपिलात सहसा हात घातला जात नाही. माझी टीप त्यांना जड जाण्याऐवजी उपयोगीच पडत होती. मला त्याचे समाधान वाटले, पण ती उपयोगी पडली नसती तरी मी ती काढली नसती.

टीप लिहिताना मी आणखी एक गोष्ट वकीलबाईंच्या ध्यानात आणून दिली. वर्दीवर विधवेचा अंगठा आहे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने तलाठ्याला काय सांगितले असेल, ‘मुलगा न्हाई’, ‘पोरगी दिली हाय’, की आणखी काही, ते आता कोणालाच कळणार नाही. ‘निपुत्रिक’ हा शब्द तलाठ्याचा आहे. गावच्या दप्तरांत लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे वारसांत न लावण्याचा प्रघात इतका सरसकट होता की, त्या तलाठ्याने वाईट हेतूने काही केले असे मला वाटत नाही. त्याने पुत्र आहे का विचारले असेल, नाही म्हणताच शब्द लिहिला असेल, आणि ‘वारस पत्नी’ लिहून पुढच्या नोंदीकडे गेला असेल. मी भिंग लावून तो ठसा बराच वेळ पाहिला. रेषा झिजलेल्या होत्या, मधोमध एक आडवी चीर होती, विळ्याची असावी.

संध्याकाळी सहाला भाषांतर पूर्ण झाले. मूळ शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा ठेवला, त्यापुढे ‘हॅविंग नो सन’ असे लिहिले, आणि तळाशी पाच ओळींची टीप दिली. समोरच्यांच्या भाषांतरातल्या त्या ओळीपुढची माझी बरोबरची खूण मी खोडली नाही; तिच्यावरच फुली मारली, म्हणजे आधी मी काय ठरवले होते तेही कागदावर राहील. पुढे सुनावणीत समोरच्या वकिलांनी भाषांतरातली दुरुस्ती मान्य केली, एवढे मला वकीलबाईंकडून कळले. अपिलाचा निकाल मी हे लिहीपर्यंत लागलेला नाही.

मग मी जे दुपारी टाळले होते ते करायला बसलो. संगणकावरच्या माझ्या जुन्या कामांत ‘इश्यूलेस’ हा शब्द शोधला. नऊ ठिकाणी सापडला. प्रत्येकाचा मूळ मराठी कागद काढून पाहिला. पाच ठिकाणी मुळात ‘मूलबाळ नाही’, ‘पोटी संतान नाही’ असे स्पष्ट होते; तिथे काही चुकले नव्हते. तीन दत्तकपत्रे होती, आणि त्या तिन्हींत मुलींची नावे पुढे आलेली होती, त्यामुळे माझा शब्द चुकीचा असला तरी वाचणाऱ्याला खरी गोष्ट कळत होती. तरी त्या तिन्ही वकिलांना मी दुसऱ्या दिवशी पत्रे पाठवली.

नववा कागद अकरा वर्षांपूर्वीचा, एका वारस नोंदीचा होता. तीन ओळींची नोंद. ‘निपुत्रिक मयत, वारस सख्खे भाऊ.’ माझे इंग्रजी, ‘डाइड इश्यूलेस, लीव्हिंग बिहाइंड हिज ब्रदर्स’. त्या प्रकरणाचे वकील आता वकिली करत नाहीत. मी त्यांच्या घरी फोन केला. त्यांना प्रकरण आठवले. तडजोड झाली होती, भावांनी जमीन विकली होती, कागद पक्षकारांना परत गेले होते. मी विचारले, “मयताला मुलगी होती का, काही आठवते का?” ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, “कोणी आली नव्हती. पण आम्ही विचारलंही नव्हतं.”